पॅड बांधून बसलेला माणूस

कसोटी सामना पाहताना कॅमेरा अधूनमधून ड्रेसिंग रूमच्या सज्जाकडे वळतो, तेव्हा तेथे पॅड बांधून बसलेल्या पुढच्या फलंदाजाकडे पाहण्याची मला फार हौस आहे. सलामीवीराला आपण डाव सुरू होताच मैदानात उतरणार हे आधीपासून ठाऊक असते. सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या खेळाडूला निदान एखादी डुलकी काढण्याची सवलत असते. पहिला गडी बाद होताच उतरणाऱ्या, मुंबईच्या मैदानी भाषेत ज्याला ‘वन डाऊन’ म्हणतात त्या माणसाला मात्र दुसऱ्याच चेंडूवर उठावे लागेल की चहापानापर्यंत नुसते बसून राहावे लागेल, हे सांगता येत नाही. फलंदाजाच्या कारकिर्दीतला हा बसण्याचा काळ धावफलकात कोठेही नोंदवला जात नाही, आणि मला तर तोच त्याच्या व्यवसायाचा सर्वांत कठीण भाग वाटतो.

या विचाराबरोबर माझ्या डोळ्यांसमोर हटकून भारताचे माजी फलंदाज दिलीप वेंगसरकर येतात. त्यांचा जन्म १९५६ सालचा, कोकणातल्या राजापूरचा. शिक्षण दादरच्या किंग जॉर्ज शाळेत आणि क्लब दादर युनियन. १९७५ साली नागपूरच्या इराणी करंडक सामन्यात त्यांनी बेदी आणि प्रसन्ना यांच्या फिरकीवर असा काही हल्ला चढवला की जाणत्यांना षटकारांसाठी गाजलेल्या कर्नल सी. के. नायडूंची आठवण झाली आणि ‘कर्नल’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. जानेवारी १९७६ मध्ये ऑकलंडला त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेही सलामीला. त्यांची खरी जागा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आहे हे ठरायला पुढे काही काळ जावा लागला. षटकारांमुळे कर्नल झालेल्या या माणसाची कारकीर्द पुढे प्रामुख्याने सबुरीवर उभी राहिली, ही विसंगती मला गमतीची वाटते.

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १९७८-७९ च्या मोसमात वेस्ट इंडिजविरुद्ध दुसऱ्या डावात भारताचा पहिला गडी १७ धावांवर बाद झाला आणि वेंगसरकर आत आले. त्यानंतर दुसरा गडी पडलाच नाही. गावसकर नाबाद १८२, वेंगसरकर नाबाद १५७, भागीदारी ३४४ धावांची, आणि १ बाद ३६१ वर डाव घोषित. त्या दिवशी चौथ्या क्रमांकावर पॅड बांधून बसलेल्या गृहस्थांचे काय झाले असेल, याचा विचार कोणीच करत नाही!

वेंगसरकर म्हटले की लोक लॉर्ड्स म्हणतात. १९७९ मध्ये १०३, १९८२ मध्ये १५७ आणि १९८६ मध्ये नाबाद १२६. त्यापूर्वी पाहुण्या संघाच्या एकाही फलंदाजाने, अगदी ब्रॅडमन यांनीसुद्धा, त्या मैदानावर तीन कसोटी शतके केलेली नव्हती. हा पराक्रम मोठा आहे याबद्दल वादच नाही. तरीही मला निवड करायला सांगितली तर मी लॉर्ड्स सोडून त्यानंतरच्याच सामन्याकडे, १९८६ च्या हेडिंग्लेकडे जाईन. चेंडू तेथे मनाला येईल तसा वळत आणि उसळत होता. इंग्लंडचे दोन डाव १०२ आणि १२८ धावांत संपले, आणि त्याच खेळपट्टीवर वेंगसरकरांनी एकट्याने ६१ आणि नाबाद १०२, म्हणजे एकूण १६३ धावा केल्या. यजमानांच्या अख्ख्या संघाला एका डावात जेवढे जमले नाही तेवढे ते एकटे जमवून बसले. भारताने सामना २७९ धावांनी जिंकला आणि मालिकाही खिशात घातली.

या खेळीचे मूळ यॉर्कशायरच्या ढगाळ हवेत न शोधता मुंबईच्या पावसात शोधावे, असे माझे मत आहे. मुंबईतल्या क्लबांची कांगा लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. गवत घोट्याच्या वर आलेले, खेळपट्टी ओली, एक चेंडू पायाशी थांबणारा तर पुढचा छातीवर येणारा. तेथे वाढलेल्या फलंदाजाला चेंडू आपल्यापर्यंत येऊ देण्याची आणि मगच बॅट लावण्याची सवय आपोआप जडते. उंच, ताठ उभे राहणारे वेंगसरकर ड्राइव्हसाठी ओळखले जात; पण हेडिंग्लेला कामी आली ती थांबण्याची सवय.

थांबण्याचा एक प्रकार मात्र क्रूर होता. १९८३ च्या विश्वचषकात ओव्हलवर वेस्ट इंडिजच्या माल्कम मार्शल यांचा चेंडू वेंगसरकरांच्या तोंडावर आदळला आणि ती स्पर्धा त्यांच्यापुरती संपली. २५ जून रोजी भारताने विश्वचषक जिंकला तो लॉर्ड्सवर, आणि लॉर्ड्सवर सर्वाधिक हक्क सांगू शकणारा भारतीय फलंदाज त्या अकरा जणांत नव्हता. आपण पुढे तीन वर्षांनी त्यांचे तिसरे शतक साजरे केले, पण त्या दिवसाची भरपाई शतकाने होत असेल असे मला वाटत नाही.

त्यांच्या मोठ्या खेळी एका ओळीत लिहून काढल्या तर ‘नाबाद’ हा शेरा वारंवार दिसतो. १९७९ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध ३९० धावांचा पाठलाग करताना नाबाद १४६, आणि भारत ६ बाद ३६४ वर थांबला. लॉर्ड्सची १२६ आणि हेडिंग्लेची १०२ तर संघ सर्वबाद झाल्यानंतरच्या. नाबाद राहणे कौतुकाचे खरे. पण दुसऱ्या टोकाला उभे राहून एकेक सहकारी परत जाताना पाहणे, हेही एक प्रकारचे बसून राहणेच असते, फक्त उन्हात आणि उभ्याने.

१९९१ च्या मे महिन्यात वानखेडेवर रणजी अंतिम सामन्यात हरियाणाने मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य ठेवले. अठरा वर्षांच्या तेंडुलकरने ९६ धावा केल्या. पस्तिशीच्या वेंगसरकरांनी नाबाद १३९ केल्या. विजयासाठी अवघ्या तीन धावा हव्या असताना आबे कुरुविला धावबाद झाले आणि बरोबरीसुद्धा हुकली. पुढच्याच वर्षी पर्थला वेंगसरकर अखेरची कसोटी खेळले. ११६ कसोटींत ६,८६८ धावा आणि १७ शतके नावावर होती. शंभराहून अधिक कसोटी खेळलेल्या या माणसाला वानखेडेवरच्या त्या संध्याकाळी एका रणजी सामन्यासाठी रडू आवरले नव्हते.