तक्रार घेऊन उदयनगरला

उदयनगरला, सिस्टर राणी मारियांच्या समाधीला, पायी निघाले तेव्हा माझ्याकडे भक्तीपेक्षा राग जास्त होता, हे आधीच सांगून टाकते. भक्तीच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर आमच्या जथ्यात सांगणारे पुष्कळ होते.

शेजारच्या काकू आषाढीला आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. इंदूरच्या मराठी घरांत यात नवल काही नाही. मी ओट्यावर बूट झटकत बसले होते, तर दारात येऊन म्हणाल्या, "अगं, तुमच्यात पण वारी असते?"

"असते असं नाही काकू, आम्हीच काढतोय."

त्यांनी पुढे चौकशी केली नाही. घरात गेल्या, खोबरेल तेलाची बाटली आणि कापूर घेऊन आल्या, रात्री तळव्यांना चोळ म्हणाल्या आणि नवे बूट अजिबात घालू नकोस असं दोनदा बजावलं. अख्ख्या वाटेत इतका कामाचा सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला नाही. पाळकसाहेबांनीसुद्धा.

आता राग कशाचा ते सांगते. आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबा इंदूरला कापडाच्या गिरणीत लागले, त्यांच्यामागून बाबा. परदेशीपुऱ्यात दोन खोल्या, घरात मराठी, बाहेर हिंदी, रविवारी चर्च. मी शाळेत असतानाच गिरणी बंद पडली. पगार बुडाला, ग्रॅच्युइटी अडकली आणि सुरू झालं कोर्ट. बाबा रविवारी उपासना झाली की बायबल आईच्या हातात देऊन तसेच कामगारांच्या सभेला जायचे. तीस वर्षं हे असंच चाललं. पैसे सुटले तेव्हा बाबा नव्हते. मग वारसांचे कागद, शपथपत्र, सगळ्यांच्या सह्या. सगळे म्हणजे आई, मी आणि पुण्याचा दादा. दादा सही करतो करतो म्हणतोय. आधी वाटणीचं स्पष्ट करा, असंही म्हणतोय.

इकडे आईचं डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. तिच्या डाव्या हातात फिश्चुला केलेला आहे. नस आणि रोहिणी जोडून दिल्यामुळे तिथली कातडी टरारून फुगलीय, आणि बोट ठेवलं की आत सतत काहीतरी थरथरतं. रोज सकाळी ती थरथर आहे ना, हे बघायचं. थांबली तर धावपळ. आईला दिवसाला पाणी मोजून. ती पितळेचा छोटा पेला वापरते. घोट तोंडात धरून ठेवते, इकडून तिकडे फिरवते आणि मग गिळते. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ सुटला की सगळी गल्ली भांडी घेऊन धावते, आणि ही खिडकीत बसून नुसता पाण्याचा आवाज ऐकते.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, पिको, फॉल. बायका ब्लाऊज घेऊन जातात आणि पैसे "बाद में". एका हॉस्पिटलात आमचं उपचारांचं कार्ड एक महिना चाललं, दुसऱ्या महिन्यात चाललं नाही. का, ते खिडकीवरच्या मुलीलाही माहीत नव्हतं. चर्चमधली माणसं भेटली की हात हातात घेतात आणि म्हणतात, "धीर धर, यात प्रभूची काहीतरी योजना असेल." बोलणारी माणसं वाईट नाहीत. पण डायलिसिसच्या खोलीबाहेर चार तास बाकावर बसल्यावर हे वाक्य कानात गेलं की माझी कानशिलं तापतात.

उदयनगरचं नाव काढलं ते त्या खोलीतल्या मलयाळी नर्सनं. मी तिला चेची, म्हणजे ताई, म्हणते. तिच्याबरोबरची काही कॅथलिक मंडळी फेब्रुवारीत सिस्टर राणी मारियांच्या स्मरणदिनाला चालत जाणार होती. "तूही चल," ती म्हणाली. मी म्हटलं, "आम्ही प्रॉटेस्टंट. संतांकडे मागणं आमच्यात बसत नाही." ती सुई काढता काढता म्हणाली, "मागू नको. भांडायला चल."

हे मला पटलं.

सिस्टर राणी मारियांविषयी इंदुरात बहुतेकांना माहीत आहे, बाहेर कमी. जन्म १९५४ चा, केरळातल्या पुल्लुवळी गावचा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक संघाच्या व्रतस्थ सिस्टर. १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. भोवताली आदिवासी वस्ती, आणि शेतकरी सावकाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले. सिस्टरनी त्यांना बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजनेचा अर्ज कुठे द्यायचा, हे शिकवलं. म्हणजे बघा, माझ्यासारखंच काम, कागदं आणि खिडक्या. फक्त त्या दुसऱ्यांचे कागद घेऊन फिरायच्या. ज्यांचा धंदा बुडत होता त्यांना ते खपलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या केरळात घरी जायला निघाल्या होत्या. उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्येच, नाचनबोरच्या डोंगराजवळ, भाडोत्री मारेकऱ्यानं त्यांना भोसकलं. पन्नासहून जास्त घाव. बसमध्ये माणसं होती. मध्ये कुणी पडलं नाही. वय एक्केचाळीस. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, चर्चनं त्यांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी.

आईकडे नवऱ्याला आणि लेकीला बसवून आम्ही पहाटे निघालो. नेमावर रोड धरला. देवगुराडियापर्यंत शहर काही सुटत नाही. तिथेच सगळ्या इंदूरचा कचरा येतो, आता ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आम्ही मिरवतो ते कुठे जाऊन पडतं, हे पायी गेलं की नीट कळतं. टपरीवर पोहे खाल्ले, वर शेव आणि जिरावण मसाला. चेचीला अजून जिरावण सोसत नाही, इतकी वर्षं राहूनसुद्धा.

शहर सुटलं आणि शेतं लागली. फेब्रुवारीचा शेवट, गहू हिरव्याचा पिवळा होत आलेला, लसणाचा वास, काळी माती तडकायला लागलेली. एका म्हाताऱ्यानं बांधावरून हरभऱ्याचे डहाळे उपटून दिले आणि कुठं निघालात विचारलं. उदयनगर म्हटल्यावर "अच्छा, सिस्टरवाले," एवढंच बोलला.

वाटेत एकानं खांद्याला स्पीकर अडकवला होता. हिंदी भक्तिगीतं, फुल आवाजात. मला ताल धरून चालायला आवडतं. पण टाळ-मृदंग वाजवणारा माणूस दमतो, आणि स्पीकर दमत नाही, ही मोठी पंचाईत आहे. दुपारी त्याची बॅटरी उतरली. मी देवाचे आभार मानले. त्या दिवसातली माझी पहिली प्रार्थना ती.

आणि पाणी. जागोजागी लोक पाणी घेऊन उभे. हातपंपावरची बाई, दुकानदार, मोटारसायकलवरून आलेली पोरं. "पियो दीदी, और पियो." तहान होतीच, मी घटाघटा प्याले. कंपेलच्या अलीकडे कुणीतरी गार मठ्ठ्याचा मोठा ग्लास हातात दिला. तो अर्धा झाला आणि मला पितळेचा पेला दिसला. पुढचं प्यायला नको वाटेना आणि हवंही वाटेना. चेचीनं ग्लास काढून घेतला, उरलेलं स्वतः पिऊन टाकलं आणि म्हणाली, "तू उपाशी राहून तिची किडनी चालू होणार आहे का?" नर्सा अशाच बोलतात.

कंपेल आज लहानसं गाव दिसतं, पण परगण्याचं ठाणं आधी इथं होतं, इंदूर नंतरचं. आम्ही पुढे एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. अंगणात सतरंज्या, दाल-बाफले, वर तूप. काकूंचं तेल सगळ्यांनी वापरून संपवलं. रात्री साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्याला काय दिलं ते सांगायची, टूम निघाली. एकाची नोकरी परत मिळाली होती, एकीच्या मुलाचा ताप उतरला होता. माझी पाळी आली तेव्हा सांगण्यासारखं काही मिळालेलं नव्हतं. मग मी विधवेची गोष्ट सांगितली. लूकच्या शुभवर्तमानातली, येशूनं सांगितलेली. एका गावात एक न्यायाधीश असतो. तो देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही. एक विधवा रोज त्याच्याकडे जाऊन न्याय मागते. शेवटी तो वैतागतो. ही बाई मला जीव नकोसा करील, त्यापेक्षा तिचा निवाडा करून टाकतो, म्हणतो.

आई ही गोष्ट गिरणीवाल्यांची म्हणते. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या किती बायका तिनं पाहिल्या, नवरे गेलेल्या, पदराला फाईल धरून. आमच्या चर्चमध्ये या गोष्टीवर प्रवचन झालं की सांगतात, चिकाटीनं प्रार्थना करा. बरोबर आहे. पण त्या गोष्टीत बाई गुडघे टेकून बसलेली नाही. ती तोंडावर जाऊन भांडतेय, आणि येशूला ते आवडलेलं दिसतंय. आपल्याकडचे संत तर विठोबाला काय काय बोलले आहेत. स्तोत्रसंहितेतही देवाला 'कुठवर?' म्हणून जाब विचारलेला आहे, पुन्हा पुन्हा. मग परदेशीपुऱ्यातल्या एका बाईनं विचारलं तर तिचा विश्वास कमी कसा? ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याकडे माणूस तक्रार घेऊन कशाला जाईल? हे मी त्या अंगणात बरंच जोरात बोलले असणार, कारण स्पीकरवाला एकदम "आमेन" म्हणाला आणि सगळे हसले.

पुढे जंगल लागतं. सागाची पानं झडलेली, वाळक्या पानांचा खच, मध्येच पळस फुललेला. घाटात बोलणं आपोआप कमी झालं. नाचनबोरला थांबलो, प्रार्थना झाली. बाजूनं एक बस गेली, खचाखच भरलेली, खिडकीतून पोरं हात करत होती. मला वाटत होतं, बसमध्ये मी असते तर? उठले असते? मांडीवर पिशवी घट्ट धरून खाली बघत बसले असते बहुतेक.

इथे फादर राखीची गोष्ट सांगतात. सिस्टरच्या धाकट्या बहिणीनं, सेल्मी पॉल यांनी, त्याही त्याच संघाच्या सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी क्षमा केली. २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळात जाऊन आईवडिलांना भेटला. ऐकताना सगळ्यांचे डोळे भरतात, माझेही भरले. पण मी शिवणकाम करणारी बाई, माप घेतल्याशिवाय राहवत नाही. १९९५ आणि २००२. मध्ये सात वर्षं आहेत. प्रवचनात ती एका वाक्यात संपतात. त्या सात वर्षांत दर पंचवीस फेब्रुवारी कशी गेली असेल, जेवताना ताटावरून कोण उठलं असेल, 'देवाची योजना' असं त्यांनाही कुणी ऐकवलं असेल का, मला ते ऐकायचं होतं. दादाला क्षमा कर असं मला चेचीसकट तिघांनी वाटेत सुचवलं. खुनाला क्षमा झाली, मग सहीचं काय घेऊन बसलीस, असा सूर. मला तो हिशेब पटत नाही. खुनाची क्षमा मोठी आहेच. पण दादा दर आठवड्याला नव्यानं सही टाळतो. जुनी चूक माफ करता येते. चालू असलेली चूक आधी थांबवावी लागते. सिस्टर राणी मारियांनी तरी सावकाराला क्षमा करा असं शेतकऱ्यांना सांगितलं नव्हतं. बँकेचा फॉर्म भरायला शिकवलं होतं.

उदयनगरला पोचलो तेव्हा मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, सुरू व्हायची होती. आजूबाजूच्या पाड्यांवरून बायका आल्या होत्या, काखेत पोरं, पायांत चांदीचे जाड कडे. चर्चमध्ये सिस्टरची समाधी आहे. लोक हात टेकवत होते, कपाळ टेकवत होते. मी प्रॉटेस्टंट, हात जोडावे की नाही या विचारात उभी राहिले, तोवर मागून रेटा आला आणि माझा तळवा दगडावर पडला. गार होता. मी तक्रार मांडली. क्रमवार, गिरणीपासून कार्डापर्यंत. सिस्टरकडे नाही, थेट प्रभूकडे. सिस्टर ऐकत असल्या तर ऐकोत. शांत वगैरे काही वाटलं नाही. पाय ठणकत होते आणि भूक लागली होती.

परतताना बसनं आलो. घरी आईनं आधी विचारलं, "तिथलं पाणी कसं होतं?" मी म्हटलं, "गोड." तिनं हात पुढे केला, मी बोट ठेवून बघितलं, थरथर नीट होती.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर उभी राहूनच दादाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला, ते आंघोळीला गेलेत म्हणाल्या.

"होऊ दे आंघोळ," मी म्हटलं. "मी धरून थांबते."