कडेपर्यंत लोणी

पुण्यात दुपारी कॅम्पात जाणाऱ्याची एक चूक ठरलेली असते. कयानी बेकरी दुपारी बंद असते हे पाठ असूनही माणूस नेमका तेव्हाच ईस्ट स्ट्रीटवर पोचतो, ओढलेल्या शटरकडे जरा वेळ बघतो आणि आपण मुळात इकडे आलोच नव्हतो अशा थाटात महात्मा गांधी रस्त्याकडे वळतो. तिथं मार्झोरिन हे सँडविचचं दुकान आहे. इराणी घराण्याचं, 1960च्या दशकापासूनचं, रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा गॅलरीचं. चिकन की चटणी, एवढाच पेच उरतो.

चटणी सँडविचमध्ये म्हटलं तर असतं काय? पावाचे दोन स्लाइस, लोणी आणि हिरवी चटणी. कोंबडी असली की तिच्याआड बरंच काही खपून जातं. इथं आडोसाच नाही. म्हणून जाणतं गिऱ्हाईक मधला घास आधी घेत नाही, कोपरा घेतं. कोपरा कोरडा लागला की समजावं, लोणी लावणाऱ्याचा हात कडेआधीच वळला.

घरी हे हटकून होतं. फ्रिजमधून काढलेला दगडासारखा तुकडा स्लाइसच्या मधोमध ठेवायचा, सुरीनं रेटायचा, पाव फाटला की फाटल्या जागी आणखी लोणी भरायचं. चार कडा कोरड्याच राहतात. दुकानात लोणी सकाळीच बाहेर काढलेलं असतं. रुंद, बोथट पात्याच्या एका फटकाऱ्यात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. एका स्लाइसला चार-पाच ग्रॅम पुरतं, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीत दहा-बारा सँडविचेस. जाड थर लावणं हा उदारपणा नव्हे, टाळूला चिकटतो तो.

लोणी इथं चवीपुरतं नसतंच. ते रेनकोटाचं काम करतं. चटणीचं पाणी पावात शिरू नये म्हणून मधे स्निग्ध पडदा हवा, आणि पडद्याला कोपऱ्यात भोक असेल तर पाणी तिथूनच शिरतं. विकतच्या टेबल बटरमध्ये नियमानं किमान 80 टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी 16 टक्क्यांच्या वर चालत नाही. घरचं ताकावरचं लोणी कितीही धुतलं, पिळलं, तरी पाणी धरून बसतं. त्याचं स्थान थालीपिठावर. सँडविचला लावलं तर अर्ध्या तासात पाव ओला आणि वर आंबूस वास. (मुंबईत खुशामतीला 'पोल्सन लावणं' म्हणायचे. ज्या पोल्सनच्या मक्तेदारीविरुद्ध 1946 साली आणंदचा दूधसंघ उभा राहिला, तेच हे लोणी. अमूलनं त्याला बाजारातून घालवलं, पण जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यातून घालवता आलं नाही.)

पाव ताजा नको. भट्टीतून नुकता आलेला पाव आत ओलसर असतो, सुरीखाली दबतो, कापाच्या कडा गोळा होतात. आदल्या संध्याकाळचा उत्तम. सँडविचचा पाव झाकणाच्या साच्यात भाजतात म्हणून तो चौकोनी आणि घट्ट विणीचा होतो. उघड्या साच्यातला फुगीर पाव इथं कामाचा नाही. तो उरला म्हणून फ्रिजमध्ये टाकणं हा मात्र गुन्हा आहे. पावातला स्टार्च फ्रिजच्या थंडाव्यात बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. त्यापेक्षा ओलं, पिळून घेतलेलं मलमलचं फडकं गुंडाळावं.

चटणीचं माप: निवडलेली कोथिंबीर शंभर ग्रॅम, मूठभर पुदिना, पाच-सहा मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, जिरं, मीठ आणि दोन चमचे डाळं. डाळं पाणी शोषतं, म्हणून चटणी स्लाइसवरून पळत नाही. वाटताना बर्फाचे दोन खडे, कारण मिक्सर तापला की हिरवा रंग काळवंडतो. लिंबू अगदी शेवटी, तेही लागेल तेवढंच. आंबटाशी हिरव्याचं फार वेळ पटत नाही. सकाळी लिंबू पिळून ठेवलेली चटणी दुपारी शेवाळ्यासारखी दिसते. चमच्यातून उलटी केली तर पडायला तिनं क्षणभर विचार करावा, एवढी घट्ट हवी.

मुंबईच्या ठेल्यावरच्या सँडविचची गोष्टच निराळी. तिथं पाण्याशी उघड लढाई असते, कारण काकडी आणि टोमॅटो म्हणजे पाणीच. बटाटा उकडून पूर्ण गार झालेला हवा. गरम कापला तर पीठ होतं आणि वाफेनं लोणी वितळतं. बीट सालीसकट, शेपटीसकट उकडायचं, नाहीतर रंग भांड्यातच राहतो. लोणी-चटणीवर आधी बटाटा, टोमॅटो मधोमध, पावाला न टेकणारा. मीठ काकडीवर आधी टाकून ठेवायचं नाही. मसाला टाकला की लगेच झाकायचं, कापायचं, द्यायचं. त्या मसाल्यात जिरं, बडीशेप, दालचिनी, मिरी, आमचूर आणि काळं मीठ. बडीशेप कमी पडली तर तो चाट मसाला होतो आणि दालचिनी जास्त झाली तर पुलाव आठवतो. टोस्ट असेल तर लांब दांड्याचा टोस्टर निखाऱ्यावर, दर मिनिटाला उलटा, आणि शेवटी सहा तुकडे. पाणीपुरीनंतर सुकी पुरी, तशी इथं मसाला लावलेली एक काकडी मागायची. न मागता मिळाली तर ठेला चांगला.

निखारे किती दिवस राहतील कुणास ठाऊक. 2025 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायच्या नोटिसा गेल्या. धूर कमी व्हायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. गॅसवरचा टोस्ट खरपूस होतो, फक्त त्याला कोळशाचा वास नसतो.

घरच्याच माणसांनी चालवलेल्या जुन्या दुकानात पुढच्या पिढीकडे काय जातं, तर ही चटणीची धार आणि सुरीचा तो फटकारा. मापं कागदावर लिहिता येतात, पण जुडी पावसाळ्यात पाणी धरून येते, उन्हाळ्यात चिमून येते, आणि त्या दिवशी डाळं किती हे कागदाला कळत नाही. बिघडायचं ते बहुधा तिथंच बिघडतं: पातळ चटणी लपवायला मेयोनीज येतं, मेयोनीज लपवायला चीज, मग शेजवान. शेवटी पाव फक्त हात खराब होऊ नयेत म्हणून उरतो.

आणि कापलेल्या कडा? त्या ज्या सफाईनं उडवल्या जातात तितक्या सहज फेकल्या जात नाहीत. मंद भट्टीत वाळवून, कुटून, चाळून त्यांचा चुरा होतो आणि तो कटलेटवर चढतो. कडा नकोत म्हणून सँडविच मागवणारा शेजारच्या ताटलीतलं कटलेट मिटक्या मारत खात असतो. त्याला कशाला सांगा.