तीस पाच

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज चिनूला एकटीला भाजी आणायला पाठवलं. एकटी म्हणजे, मी दहा पावलांवर केमिस्टच्या दुकानाशी उभी होतेच. कोथिंबीर, मिरच्या, चार लिंबं. भाजीवाले काका म्हणाले, "पस्तीस झाले." तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण मला कळलं: तीस पाच. मग दहाच्या तीन नोटा आणि पाचाचं नाणं.

नऊ वर्षांच्या मुलीने पस्तीस रुपये दिले, यात लिहिण्यासारखं काय? गेल्या वर्षी हीच पोरगी पस्तीस ऐकून ५३ लिहायची. आधी पाच ऐकू येतो, म्हणून आधी पाच. एकोणसत्तर म्हटलं की ७९. वहीत लाल शेरा यायचा, 'सराव कमी.' मग मी सराव वाढवायचे. सापशिडी खेळताना फाशावर पाच पडले तरी ती एकेक ठिपका बोटाने मोजायची, आणि आम्ही हसायचो. एकदा आठाच्या पाढ्यावरून माझा हात उठला. ते अजून सलतं.

मग शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. आधी डोळे आणि कान तपासले, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. बुद्ध्यांक छान, वाचन वयाच्या पुढे, आणि कागदावर शब्द: डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातली अडचण. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांतल्या अध्ययन अक्षमतेत हे बसतं. पुढे दहावीला जादा वेळ, कॅल्क्युलेटर वगैरे सवलती मिळतात. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." होतं की. त्या मुली नापास होऊन घरी बसायच्या, एवढंच.

खरी गंमत पुढे आहे. रेमेडियलच्या, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे समोर ठेवले आणि चिनूला म्हणायला लावलं, "वीस एक, वीस दोन." मी खुर्चीत चपापले. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात संख्या अशाही वाचायला दिल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत गेलं ते. आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जास्त विनोद मी पाठवले होते. मराठीची वाट लावली म्हणे! बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांचं आणि उलट्या क्रमाचं कारण समजावून सांगत होत्या, ते मी धड वाचलंही नव्हतं. तेव्हा चिनू अगदी लहान होती.

अर्थात एवढ्याने सगळं सुटलेलं नाही. काट्याचं घड्याळ अजून तिच्या डोक्यावरून जातं, आणि आठाचा पाढा तर आम्ही सध्या सोडूनच दिलाय.

येताना जिन्यात तिने विचारलं, "आई, एकोणचाळीसमध्ये चाळीस नसतातच, मग नाव का घेतात?" मी म्हटलं, "अगं, चाळीसला एक कमी. एक उणा." ती दोन पायऱ्या गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तीस नऊ. मग तसं सांगा ना."

वर मी लिहिलंय पावणेअकरा. अकरा अजून वाजलेले नाहीत.