पोतोसीची चांदी, ठाण्याचा वजनकाटा

१७३७ साली मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत ठाणे पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, त्यामुळे जुनी युरोपीय चांदीची नाणी येथे सहज मिळत असतील, असा माझा संग्रह पाहायला येणाऱ्यांचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अमेरिकेतील खाणींची चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने युरोपात आणि तेथून कापड, मसाले व नीळ यांच्या मोबदल्यात हिंदुस्थानात येत राहिली खरी. परंतु मुघल मुलखात परकी नाणी सर्रास चालत नसत, आणि सुरतेला उतरलेली बहुतेक चांदी सराफांनी पारखल्यावर टांकसाळीत जाऊन वितळे व सुमारे साडेअकरा ग्रॅमचे रुपये होऊन बाहेर पडे. म्हणून ‘वसईच्या किल्ल्यात सापडलेले’ अशी कहाणी जोडून कोणी नाणे पुढे केले, की मी कहाणी बाजूला ठेवतो आणि काटा काढतो.

माझ्याकडचे सर्वांत आवडते नाणे पोतोसीच्या, म्हणजे आजच्या बोलिव्हियातल्या खाणगावच्या स्पॅनिश टांकसाळीचे, आठ रिआलचे (रिआल हे स्पॅनिश चलन) आहे. ते वाटोळे नाहीच. चांदीचा तुकडा वजनात बसेपर्यंत कडेने छाटायचा आणि मग त्यावर हातोड्याने ठसा उठवायचा, अशी तेव्हाची रीत असल्यामुळे क्रुसाच्या एका कोनातला सिंह आयाळीसकट उठला आहे, तर शेजारचा किल्ला निम्मा काठाबाहेर गेला आहे. याच टांकसाळीत हिणकस नाणी पाडली जात असल्याचे १६४९ च्या सुमारास उघडकीस आले, पोतोसीच्या मालावरचा व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला, आणि १६५२ पासून लाटांवर उभ्या दोन खांबांचा नवा ठसा आला. नवख्याने खांबांचीच नाणी घ्यावीत, असे माझे मत आहे.

अस्सल नाण्यात सुमारे ९३ टक्के चांदी असते. २७ ग्रॅमचे नाणे दोऱ्याने पाण्यात टांगले, की वजन साधारण २.६ ग्रॅमने कमी भरले पाहिजे. ओतीव नकला बहुधा येथेच उघड्या पडतात. झिजून वजन थोडे घटले असेल तर मला खटकत नाही, वाढलेले मात्र फार खटकते.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्या थालर या चांदीच्या नाण्याविषयी वेगळे सांगायला हवे. त्यावर १७८० हेच साल कायम ठेवून तो पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाडला गेला, १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. त्यामुळे विक्रेता त्या सालाकडे बोट दाखवून भाव सांगू लागला, तर चांदीच्या दरावर थोडे अधिक देऊन थांबावे.