‘खात्री आहे का?’ हे विचारणं बंद करा

डिलीट दाबलं की ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असा पॉपअप आणणं हा मला सरळसरळ कामचुकारपणा वाटतो. टीमच्या रिव्ह्यूत हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं, ‘पण युजरला विचारलं होतं ना!’ विचारलं होतं, कबूल. पण दिवसभर त्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणून बोटाला सवय लागलेली असते. भलतंच रेकॉर्ड निवडलेलं असलं तरी बोट ‘हो’च दाबतं. पॉपअपमुळे युजर चुकीपासून वाचत नाही, फक्त दोष त्याच्या माथी जातो.

त्यापेक्षा अनडू द्या, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय. १९८३च्या ॲपल लिसा या कॉम्प्युटरवर अनडू, कट, कॉपी आणि पेस्टसाठी झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची बटणं होती. म्हणजे कल्पना काही कालची नाही. तरी आपण पॉपअपवरच भागवतो, कारण अनडू लिहायला घेतला की घाम फुटतो.

साधं डिलीट घ्या. ते मागे घेता यावं म्हणून डेटाबेसमधली ओळ पुसायची नाही, तिच्यावर ‘अमुक वेळी काढली’ एवढीच खूण करायची. सोपं वाटतं? आता प्रत्येक क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाने, ती खूण तपासायला हवी. एखादी विसरली की मेलेली नोंद रिपोर्टमध्ये उठून बसते. काढून टाकलेला माणूस त्याच ईमेलने पुन्हा नोंदणी करायला आला, तर युनिक कन्स्ट्रेंट (एकच ईमेल दोनदा येऊ न देणारा डेटाबेसचा नियम) म्हणतो, ‘हा आधीच आहे.’ शिवाय ज्याला आपला डेटा खरोखर पुसून हवाय, त्याला नुसत्या खुणेवर फसवायचं का? एकाच डॉक्युमेंटवर दोघं काम करत असतील तर आणखी मजा. माझ्या अनडूने माझाच बदल मागे गेला पाहिजे, मधे तुम्ही चार ओळी घुसवल्या असल्या तरी.

जीमेलची युक्ती मला म्हणूनच आवडते. पाठवलेलं पत्र तिथे परत येत नाही, ते मुळात गेलेलंच नसतं. सेटिंगप्रमाणे पाच ते तीस सेकंद थांबवून धरलेलं असतं, बस. लबाडीच, पण युजरच्या बाजूची.

आमच्या फॉर्म-डिझायनरमध्ये, म्हणजे फॉर्म मांडायच्या टूलमध्ये, अनडू आला आणि लोकांची कामाची पद्धतच बदलली. आधी काहीही हलवण्यापूर्वी ते टेम्प्लेटची कॉपी काढायचे, ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल खरा’. आता थेट मूळ फॉर्मवरच उलथापालथ करतात, रकाने इकडचे तिकडे टाकून बघतात, नाही पटलं की मागे. काही मांडण्या तर आम्हाला सुचल्या नसत्या इतक्या छान निघाल्या.

जे मागे घेताच येत नाही, तिथे मात्र नक्की अडवा, तेही नीट. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा अख्खा साठा) काढून टाकायची तर तिचं नाव टाइप करावं लागतं. तिथे नुसत्या सवयीवर काम भागत नाही.

आमचा अनडू सध्या टॅब बंद केला की विसरतो. बदलांचा इतिहास सर्व्हरवर ठेवावा असं माझं मत. सर्व्हरची बाजू सांभाळणाऱ्या बॅकएंडवाल्यांना ते अजिबात मान्य नाही.