अमेरिकेतली भाची बडोद्याला आणताना

ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहण्यासाठी मिळणारं कार्ड) काढा की झालं काम, असं मला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या लोकांनी सांगितलं. इथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडे असतंच, त्यामुळे सल्ल्याला तोटा नाही. पण या सगळ्यांची मुलं आई-बापांसकट परत आलेली. आमच्याकडे भाची एकटी येणार होती आणि तिचे आई-वडील दोघंही तिकडेच राहणार होते.

बहीण न्यू जर्सीत. घटस्फोट झालेला, मेहुणे (आता मेहुणे म्हणायचं की नाही, देव जाणे) टेक्सासला. बहिणीने नर्सिंगचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली, रात्रपाळ्या लागल्या आणि दहा वर्षांच्या पोरीला रात्री ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. आमची आई फोनवर म्हणाली, "इकडे पाठवून दे, मी अजून धडधाकट आहे." तिने फोन ठेवला आणि कामाला मी लागलो.

भाचीचा जन्म अमेरिकेतला, त्यामुळे पासपोर्ट अमेरिकी. टुरिस्ट व्हिसावर आणून शाळेत घालता येत नाही. ओसीआय असलं की व्हिसाची भानगड नाही, कितीही दिवस राहिलं तरी पोलिसांकडे नोंदणी नाही, आणि शाळेत जाता येतं. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, पण दहा वर्षांच्या मुलीला दोन्हीची घाई नव्हती. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद तिथल्या केंद्राकडे पाठवायचे. हा भाग खरंच सरळ आहे. घोडं अडलं ते सह्यांवर. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात, आणि घटस्फोट झालेला असेल तर ताब्याचा कोर्टाचा हुकूमही.

न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला राज्याबाहेर हलवता येत नाही. इथे तर देशच बदलत होता. त्यात मुलांना परस्पर परदेशी नेण्याविरुद्धचा 1980 चा जो हेग करार आहे, त्यात भारत नाही. म्हणून तिकडचे वकील भारताचं नाव निघालं की सावध होतात. मेहुण्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण तोंडी होकारावर विसंबू नका, असं मी बहिणीला बजावलं. दोघांनी कोर्टाकडून संमतीचा हुकूम करून घेतला. त्यात मुलगी कोणाकडे राहणार, सुट्टीत कधी जाणार, वडिलांशी व्हिडिओ कॉल कधी, सगळं लिहिलेलं. पैसे गेले, पण पुढे तोच कागद जागोजागी उपयोगी पडला.

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करणारे आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण इथे मुलीची सही कोण करणार?" 1956 च्या कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई. मामा त्यात कुठेच नाही. मला रीतसर पालक व्हायचं तर 1890 च्या पालकत्व कायद्याखाली कोर्टात जावं लागेल. पण आई-वडील हयात आहेत, दोघं राजी आहेत, मुलीच्या नावावर मालमत्ता नाही. तेव्हा रोजच्या कामांसाठी दोघांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र पुरेल, असं त्यांचं मत पडलं. (दत्तकच घेऊन टाका, असं सांगणारेही भेटले. पोरीचे आई-बाप ठणठणीत आहेत हो!)

मुखत्यारपत्राच्या मसुद्यावर काकांनी बराच वेळ घालवला. मोघम "सर्व कामे" असं लिहू नका म्हणाले. शाळेतला प्रवेश आणि दाखला, दवाखान्यातली संमती, बँकेचं खातं, आधार, प्रवास, पासपोर्ट, एकेक नाव घेऊन लिहायला लावलं. ते तिकडे नोटरी झालं, न्यू जर्सीच्या राजधानीतून, ट्रेंटनहून, त्याला अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) लागलं, तसंच जन्मदाखल्याला. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे इथे वेगळा शिक्का लागत नाही. मात्र बाहेर झालेलं मुखत्यारपत्र इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरून स्टॅम्प करून घ्यावं लागतं, हे ओसीआयचा सल्ला देणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

मग शाळा. खिडकीतल्या बेनचा पहिला प्रश्न, "मम्मी-पप्पा क्यां छे?" मी फाइल पुढे सरकवली. त्यांनी सगळं वाचलं आणि वहीत जन्मतारीख लिहिली: 4 जुलै. जन्मदाखल्यावर 04/07 होतं, पण अमेरिकेत महिना आधी लिहितात; पोरगी 7 एप्रिलची. मी उलट्या बाजूने बघत होतो म्हणून दिसलं. ही तारीख तशीच पुढे गेली असती तर दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत निस्तरावी लागली असती. तारीख नेहमी महिन्याचं नाव लिहून द्या.

लसींच्या फॉर्मवर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, रकाना रिकामा राहिला. अमेरिकेत ती सरसकट देत नाहीत, त्यामुळे दंडावर खूणही नाही. बालरोगतज्ज्ञांनी दोन ओळींचं पत्र दिलं, तेवढ्यावर भागलं. नावाचंही तसंच: पासपोर्टवर नुसतं नाव-आडनाव, शाळेला मधे वडिलांचं नाव हवं. मी पासपोर्टप्रमाणेच ठेवा असा हट्ट धरला, कारण पुढे आधारवरही तेच येणार होतं. आणि आधार लगेच मिळत नाही. ओसीआयवाल्याचा आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात मुक्काम झालेला असावा लागतो. शाळा पहिल्याच दिवशी नंबर मागते. तोवर लेखी देऊन वेळ मागून घ्यायची.

गुजराती मात्र सहसा चुकत नाही. 2023 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवावंच लागतं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, त्यात ही नवी लिपी. पण आमची आई शिकली गुजराती शाळेत. संध्याकाळी दोघी पाटी घेऊन बसतात, आणि "ळ" चा उच्चार येत नाही म्हणून नात आजीकडून बोलणी खाते. मुखत्यारपत्रातला दवाखान्याचा मुद्दाही वाया गेला नाही. दुधाचा दात अडकला होता, काढायच्या आधी दाताच्या डॉक्टरीणबाईंनी पालकाची सही मागितली आणि मी कागद दाखवून केली.

आता पासपोर्ट. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि हिचा पुढच्या वर्षी संपतोय. नवा काढायला मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलीला घेऊन जायचं, आणि आई-वडील दोघांची नोटरी केलेली संमती बरोबर न्यायची. ती संमती तीनच महिने चालते, म्हणून आधीपासून करून ठेवण्यातही अर्थ नाही. नवा पासपोर्ट आला की तो ओसीआयच्या साइटवर चढवायचा. बहिणीच्या सहीची काळजी नाही. मेहुण्यांना मी आत्तापासूनच दर महिन्याला मेसेज टाकतो.