मुद्दाम थोडंच

झोप येत नाहीये. आज आमच्या वाड्याचं जुनं लाकूड घेणारा आला होता. टेप लावून खांब मोजले, वर चॉकलेटी ऑइलपेंटचा हा एवढा थर, म्हणून साधं सागवान धरलं आणि घनफुटावर भाव केला. काका लगेच हो म्हणाले. (काकांबद्दल नकोच लिहायला.) ॲडव्हान्स मोजून झाल्यावर त्याने सहज म्हणून चाकूने खांबावरचा हस्त, म्हणजे तुळईखालचा कोरीव आधार, खरवडला, तर आधी पोपटाचा डोळा निघाला, मग चोच.

"कोणी थापला हो हा रंग?"

मी चहा ठेवायला आत गेले.

ताईच्या लग्नाला मीच मारला होता. दहावीची सुट्टी, हातात दोन इंची ब्रश, खाचांत रंग जाईना तर बोटाने भरला. वाडा कसा चकाचक दिसतोय, म्हणाले सगळे. मुद्दाम थोडंच केलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, माझे पेपर चालू असताना, तालिबानने अफगाणिस्तानातले बामियानचे बुद्ध पाडले. एक ५५ मीटरचा, एक ३८ चा, आधी तोफा डागल्या, मग तिथल्याच लोकांना जबरदस्तीने सुरुंगाच्या कामाला लावलं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत धड. नाशिकच्या पांडवलेणीला तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राणी बलश्रीच्या शिलालेखाला कोणी नुसतं बोट लावलं तरी ओरडणारा माणूस! आणि दोन महिन्यांनी रंगाचा डबा आणला तोही बाबांनीच.

त्यांनी मुद्दाम केलं, आपण मुद्दाम नाही केलं, एवढाच फरक ना? पण पोपटाला काय कळतंय. आफ्रिकेत टिंबक्टूतल्या पीरांच्या कबरी पाडल्या त्या माणसाला २०१६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने ९ वर्षं दिली, त्याने उभं राहून माफी तरी मागितली. मी चहात साखर जास्त घातली, बस्स.

आई असती तर... जाऊ दे.

निघताना तो म्हणाला, ताई, रंग होता म्हणून बरं, खाली काम एकदम शाबूत आहे, कॉस्टिकने धुतलं की झालं. म्हणजे मी वाचवलं म्हणायचं! आता एखाद्या रिसॉर्टच्या रिसेप्शनला उभा राहील पोपट, लोक सेल्फी काढतील.

टेम्पो उद्या सातला येणारे. एक हस्त तरी ठेवून घेऊ म्हणून फ्लॅटवर आल्यावर टीव्हीच्या बाजूची जागा मोजली. चार बोटं कमी पडतायत.